विवाह आणि सरहद्द : परभणी जिल्ह्याच्या इतिहासातील एक प्रश्न

विवाहाने स्त्रीचे घर बदलते, गोत्र बदलते, अनेकदा नावही बदलते. परंतु तिचे राज्य बदलते काय, हा प्रश्न आपल्या समाजेतिहासाच्या अभ्यासकांनी फारसा विचारलेला नाही. ज्या प्रदेशाच्या सीमा पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहिल्या, तेथे हा प्रश्न उद्‌भवतही नाही. मराठवाड्याची गोष्ट वेगळी आहे. परभणी जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या आरंभी जन्मलेल्या एखाद्या स्त्रीने एकाच आयुष्यात निजामाची प्रजा, भारताची नागरिक, द्वैभाषिक मुंबई राज्याची आणि पुढे महाराष्ट्राची रहिवासी अशी स्थित्यंतरे आपल्या उंबरठ्याबाहेर पाऊल न टाकता पाहिली. तिचा विवाह सरहद्दीपलीकडे झाला असेल, तर या स्थित्यंतरांत आणखी एका गुंतागुंतीची भर पडली.

प्रस्तुत निबंधात या गुंतागुंतीचा एकच धागा हाती घेतला आहे. दोन राज्यांत विभागलेल्या पतिपत्नींना एकत्र राहावयाचे असेल, तर कायद्याने त्यांच्यापुढे कोणत्या वाटा ठेवल्या, आणि त्यांतील एक वाट निवडल्याने दुसऱ्या कोणत्या बंद झाल्या, हा तो धागा होय. हे विवेचन मुख्यत्वे कायद्याच्या मजकुरावर आधारलेले आहे. कारण या बाबतीत कुटुंबांचे भवितव्य भावनेपेक्षा कागदावर लिहिलेल्या चार शब्दांनीच अधिक ठरले.

१. पैनगंगेची सरहद्द

परभणी जिल्ह्याची पहिली सरहद्द पैनगंगा नदीची. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १९०२ च्या कराराने तो कायमचा त्यांच्याकडे राहिला. वऱ्हाडावर निजामाचे सार्वभौमत्व नाममात्र उरले. हिंगोली, कळमनुरी हे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील तालुके (१ मे १९९९ पासून ते हिंगोली या स्वतंत्र जिल्ह्यात आहेत) आणि नदीपलीकडचे वाशीम, पुसद, उमरखेड हे भाग भाषेने, देवदेवतांनी आणि सोयरिकींनी एकच होते. मध्ये करोडगिरीचा नाका होता, अलीकडे हाली रुपया व पलीकडे कलदार चालत होता, एवढाच काय तो भेद वाटावा.

परंतु हैदराबाद राज्याच्या दप्तरात हा भेद अधिक खोल होता. १९१९ च्या फर्मानाने मुलकी नियम अमलात आले. राज्याच्या नोकरीत शिरावयाचे तर मनुष्य मुलकी असला पाहिजे. गैरमुलक्याची नेमणूक निजामाच्या खास मंजुरीवाचून होऊ नये, असा त्यांचा आशय होता. मुलकी कोणास म्हणावे, याची व्याख्या येथे मुद्दाम पाहावी. जन्माने जो हैदराबाद राज्याचा प्रजाजन तो मुलकी. पंधरा वर्षे कायम वास्तव्य करून मूळ ठिकाणी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र न्यायाधिकाऱ्यापुढे करील तोही मुलकी. आणि मुलक्याची जी पत्नी ती मुलकी. ‘जन्माने प्रजाजन’ याचा अर्थही त्याच नियमांत दिलेला आहे : ज्याच्या जन्मसमयी त्याचा पिता मुलकी होता तो. मातेचा उल्लेख तेथे नाही.

या व्याख्येतील विषमता नजरेत भरण्यासारखी आहे. वाशीमचा पुरुष परभणीस येऊन राहिला, तर त्याला पंधरा वर्षे आणि एक प्रतिज्ञापत्र लागे. वाशीमची मुलगी परभणीच्या घरात सून म्हणून आली, तर अक्षतांबरोबर ती मुलकी होई. वरवर पाहता ही स्त्रीला दिलेली सवलत आहे. वस्तुतः तीत एक गृहीत दडलेले आहे : पुरुषाला ‘हेतू’ असतो आणि तो त्याने सिद्ध करावयाचा असतो; स्त्रीला स्वतंत्र हेतू नसतो, पतीचा हेतू तोच तिचा.

हे गृहीत निजामी राज्यापुरते मर्यादित नव्हते. ब्रिटिश साम्राज्याच्या १९१४ च्या राष्ट्रीयत्वविषयक कायद्यात ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ब्रिटिश आणि परकीयाची पत्नी परकीय मानलेली होती. भारतीय वारसा अधिनियमाच्या (१९२५) पंधराव्या व सोळाव्या कलमांत विवाहाने स्त्रीला पतीचा अधिवास प्राप्त होतो आणि विवाह टिकून असेतो तो पतीच्या अधिवासाबरोबर बदलतो, असा नियम घातलेला आहे. न्यायालयाने विभक्त केलेली स्त्री आणि ज्याचा पती काळ्या पाण्याची शिक्षा भोगीत आहे अशी स्त्री, यांचा तेवढा अपवाद. पतीच्या मागोमाग पत्नीचे राज्य, हा त्या काळाचा सार्वत्रिक नियम होता.

२. पोलीस कारवाईनंतर

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत हैदराबादचे स्वतंत्र राज्य संपुष्टात आले. या घटनेचे राजकीय विवेचन विपुल झाले आहे. कौटुंबिक परिणामांचे तितके झालेले नाही. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्या वर्षाच्या अखेरीस राज्याचा दौरा करून जे जिल्हे सर्वांत अधिक होरपळल्याचे नमूद केले, त्यांत परभणीला लागून असलेला नांदेड होता. अशा वातावरणात मराठवाड्यातील अनेक मुसलमान कुटुंबांनी कराचीची वाट धरली. कोणी मुंबईहून आगबोटीने गेले, कोणी मारवाडातून खोखरापारच्या मार्गाने. कराचीतील हैदराबाद कॉलनी ही वस्ती या स्थलांतराची साक्ष आजही देते.

सर्व कुटुंब एकदम निघाले असे क्वचितच घडले. बहुधा नोकरीच्या शोधात तरुण मुलगा पुढे गेला आणि वृद्ध आईबाप, शेत व घर मागे राहिले. नात्यातच सोयरीक करण्याची रीत असल्यामुळे ठरलेले विवाहही दोन्हीकडे वाटले गेले. चुलतभावाशी बालपणीच ठरलेला संबंध केवळ मध्ये सरहद्द आली म्हणून मोडावा, असे कोणास वाटले नाही. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न लावण्याची चाल ज्या घरांत आहे, त्यांना हे मन समजणे कठीण नाही.

याच काळात आणखी एका वर्गाचा प्रश्न उपस्थित झाला. निजामाच्या अनियमित फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी करणारे हद्रमौतचे अरब राज्यात होते. १९४८ नंतर त्यांतील परकीयांना एडनमार्गे परत धाडण्याचे धोरण ठरले. परंतु परकीय कोण, हे ठरविणे सोपे नव्हते. अनेकांचे विवाह येथल्या स्त्रियांशी झालेले होते. अरब पिता व दख्खनी माता यांच्या संततीला ‘मुवल्लद’ हे स्वतंत्र नावच होते. पत्नीने पतीच्या मागे जावे हा नियम येथे अक्षरशः लावला असता, जिने दख्खनबाहेर पाऊल टाकले नाही ती स्त्री हद्रमौतची ठरली असती. जुन्या नियमाची ही मर्यादा होती. तो नियम गाव, जात आणि मुलूख एक आहे तोवर निरुपद्रवी भासे. राज्ये परस्परांस पारखी झाली की तोच हद्दपारीचा हुकूम बने.

३. परवाना आणि ‘हेतू’

पश्चिम पाकिस्तानातून भारतात येणाऱ्यांवर जुलै १९४८ मध्ये परवान्याचे बंधन आले. त्याच वर्षी पाकिस्ताननेही तसेच बंधन घातले. भारताच्या कराची व लाहोर येथील कचेऱ्यांतून हे परवाने मिळत. त्यांचे प्रकार होते, आणि आपल्या विषयाचे मर्म या प्रकारांत आहे. तात्पुरत्या भेटीचा परवाना एक, कायमच्या पुनर्वसनाचा दुसरा. पहिला मिळण्यास सुलभ, दुसरा दुर्लभ. आजारी आईला भेटावयास निघालेली स्त्री स्वाभाविकपणेच पहिला मागे.

परंतु राज्यघटनेच्या सातव्या अनुच्छेदाने या दोन कागदांतील अंतर अनुल्लंघ्य केले. १ मार्च १९४७ नंतर जो भारताच्या प्रदेशातून पाकिस्तानात स्थलांतर करून गेला, तो भारताचा नागरिक मानला जाणार नाही. अपवाद फक्त पुनर्वसनाच्या किंवा कायमच्या परतीच्या परवान्यावर आलेल्याचा. तात्पुरत्या परवान्यावर आलेल्याचा उल्लेख या अपवादात नाही. पाचव्या अनुच्छेदाप्रमाणे भारतात अधिवास असणे ही नागरिकत्वाची पहिली अट. आणि विवाहित स्त्रीचा अधिवास म्हणजे तिच्या पतीचा. मग भारतात राहणाऱ्या पतीची पत्नी कराचीला जाऊन आली, तर तिला पाचवा अनुच्छेद लागू करावयाचा की सातवा?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे ‘बिहार राज्य विरुद्ध कुमार अमरसिंग’ या खटल्यात आला. निर्णय १९५५ चा. त्यातील स्त्री जुलै १९४८ मध्ये कराचीला गेली. डिसेंबर १९४८ मध्ये ती तात्पुरत्या परवान्यावर भारतात आली आणि मुदत संपताच एप्रिल १९४९ मध्ये तिला परतावे लागले. पुढे १९५० मध्ये तिने कायमच्या परतीचा परवाना मिळविला. पण तो त्याच वर्षी रद्द झाला. आपला पती भारतीय असल्याने आपला अधिवासही भारतीय आहे, असे तिचे म्हणणे होते. पतीचा भारतीय अधिवास क्षणभर गृहीत धरला तरी सातवा अनुच्छेद पाचव्यावर मात करतो, असा निर्णय न्यायालयाने दिला. ती नागरिक ठरली नाही.

कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय घटनेच्या शब्दांशी सुसंगत आहे, हे मान्य केले पाहिजे. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात एक विसंगती मात्र दिसल्यावाचून राहत नाही. अधिवास ठरविताना कायदा स्त्रीला सांगतो : तुला स्वतंत्र हेतू नाही, पतीचा तोच तुझा. स्थलांतर ठरविताना तोच कायदा तिला सांगतो : तू गेलीस ती स्वतःच्या हेतूने, त्याचे फळ तूच भोग. पत्नीची इच्छा एके ठिकाणी शून्य, दुसऱ्या ठिकाणी पूर्ण. आणि दोन्ही ठिकाणी तोटा तिचाच. मुलकी नियमांत सवलत म्हणून आलेले गृहीत अवघ्या तीस वर्षांत असे उलटले.

येथे मालमत्तेचाही विचार केला पाहिजे. १९५० च्या निष्क्रांत मालमत्तेच्या कायद्यामुळे पाकिस्तानात गेलेल्याचे घरदार व जमीन सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात जाऊ शके. ७ मे १९५४ नंतर नव्याने कोणतीही मालमत्ता निष्क्रांत ठरविण्याचे बंद झाले. तोपर्यंत मात्र सासरी जाणे आणि माहेरच्या वाट्यावर पाणी सोडणे या एकाच निर्णयाच्या दोन बाजू ठरण्याचा धोका होता.

४. तीन वाटा

१५ ऑक्टोबर १९५२ पासून परवान्याची जागा पारपत्र व व्हिसा यांनी घेतली. पाकिस्तानचा नागरिकत्वाचा कायदा १९५१ चा. भारताचा ३० डिसेंबर १९५५ चा. आता निवड कशी करावी लागे, हे समजण्यासाठी एक कल्पित जोडपे घेऊ. मुलगी जिंतूरची, भारतीय नागरिक. मुलगा मूळचा परभणीचा, १९४८ च्या अखेरीस कराचीला जाऊन तेथला नागरिक झालेला. १९५६ मध्ये त्यांचा निकाह होतो. त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या.

पहिली वाट अशी : मुलीने भारतीय पारपत्रावर कराचीला जावे आणि व्हिसाची मुदत वाढवीत राहावे. हिने भारतीय नागरिकत्व शाबूत राहते, परंतु पतीच्या घरी ती पाहुणीच ठरते. दोन्ही देशांचे संबंध बिघडले की मुदतवाढ अडते. १९६५ च्या युद्धाने खोखरापारचा लोहमार्ग बंद पडला. १९७१ च्या युद्धाने राजनैतिक संबंधच तुटले आणि ते पूर्ववत होण्यास १९७६ उजाडले. या वाटेवरच्या स्त्रीची सुरक्षितता तिच्या वर्तनावर नव्हे, तर परराष्ट्र खात्यांच्या वर्तनावर अवलंबून होती.

दुसरी वाट : पाकिस्तानी कायद्याच्या दहाव्या कलमाखाली, पाकिस्तानी नागरिकाची पत्नी म्हणून तिने नोंदणी करून घ्यावी. ही वाट सासरी स्थैर्य देणारी. परंतु भारतीय कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. १९५६ च्या नियमांनी तर परदेशाचे पारपत्र घेणे हाच त्याचा निर्णायक पुरावा मानला, आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इझार अहमद खान यांच्या खटल्यात तो नियम वैध ठरविला. या वाटेवर परतीचा पूल मागे जळत जातो. पुढे वैधव्य किंवा तलाक आला, तर माहेरच्या दारात ती परकीय म्हणून उभी राहणार. १९५७ पर्यंत पाकिस्तानी नागरिक भारताच्या १९४६ च्या परकीयविषयक कायद्यात ‘परकीय’ या व्याख्येत येत नव्हता. त्या वर्षीच्या दुरुस्तीने तोही आडपडदा गेला.

तिसरी वाट : पतीने भारतात परतावे. माणसाच्या मनाला हीच सर्वांत सोपी वाटेल. कायद्याने हीच सर्वांत कठीण केली होती. सातवा अनुच्छेद त्याच्या आड होताच. शिवाय १९५५ च्या कायद्याच्या पाचव्या कलमातील (१) (ग) हा खंड भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या ‘स्त्रियां’पुरताच होता. परभणीच्या पुरुषाने कराचीची वधू आणली, तर तिला निष्ठेची शपथ घेऊन नोंदणीने नागरिकत्व मागता येई. जिंतूरच्या मुलीला मात्र आपल्या विवाहाच्या आधारे पतीला भारतात आणता येत नव्हते. याचा अर्थ असा की, १९५६ मध्ये विवाहाने उघडणारी वाट एकाच दिशेची होती : स्त्रीने पुरुषाकडे जावे.

२९ जानेवारी १९५७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघात विवाहित स्त्रीच्या राष्ट्रीयत्वाविषयीचा करार स्वीकारला गेला. विवाहाने किंवा विवाहविच्छेदाने स्त्रीचे राष्ट्रीयत्व आपोआप बदलू नये, हे त्याचे सार. हे तत्त्व उदात्त आहे. तथापि आपले उदाहरण दाखविते की, राष्ट्रीयत्व ‘आपोआप’ बदलत नाही एवढ्याने प्रश्न सुटत नाही. जिंतूरच्या मुलीचे नागरिकत्व आपोआप कधीच बदलले नाही. संसार आणि नागरिकत्व यांतून एक निवडण्याची पाळी मात्र तिच्यावर आली.

५. पुढील बदल

१ जुलै १९८७ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ‘स्त्रिया’ हा शब्द जाऊन ‘व्यक्ती’ हा शब्द आला. पतीलाही पत्नीच्या आधारे नोंदणीचा मार्ग प्रथमच खुला झाला. मात्र पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली. परदेशात जन्मलेल्या अपत्याला मातेकडून नागरिकत्व मिळण्याची तरतूद १९९२ च्या दुरुस्तीने झाली. ३ डिसेंबर २००४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने वास्तव्याची अट सात वर्षांची केली. याच दुरुस्तीत एक लहानसा बदल आहे, तिकडे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. पूर्वी ज्यांचा विवाह ‘झालेला आहे किंवा झालेला होता’ अशांना ही वाट होती. आता ज्यांचा विवाह ‘झालेला आहे’ त्यांनाच. सात वर्षे पुरी होण्याआधी पती निवर्तला, तर त्या विधवेच्या पायाखालची वाट दोन शब्दांच्या गाळण्याने नाहीशी होते.

जी स्त्री पूर्वी स्वतंत्र भारताची नागरिक होती आणि विवाहानंतर परकीय झाली, तिच्यासाठी त्याच कलमाचा (च) हा खंड अधिक जवळचा आहे. त्यात बारा महिन्यांचे वास्तव्य पुरते. म्हणजे आपली कल्पित जिंतूरकर स्त्री वैधव्यानंतर परतली, तर तिने पत्नी म्हणून नव्हे, तर पूर्वीची नागरिक म्हणून अर्ज करावयाचा. परंतु दोन्ही खंडांना एक समान अट आहे : अर्जदार बेकायदा स्थलांतरित नसावा. व्हिसाची मुदत उलटून गेल्यावर राहिलेली व्यक्ती या व्याख्येत येते. म्हणून पाकिस्तानी नागरिकांच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाला महत्त्व आहे. भारतीय नागरिकाशी विवाह करून येथे राहणारी स्त्री, तसेच पाकिस्तानात विवाह होऊन वैधव्यामुळे किंवा घटस्फोटामुळे परतलेली आणि तेथे आधार देणारा पुरुष नसलेली मूळची भारतीय स्त्री, या दोघींचा त्याच्या पात्र वर्गांत समावेश केलेला आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे इतर बहुतेक व्हिसा रद्द झाले, तेव्हा दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळण्यात आले. एकाच घरातील दोन सुनांपैकी एकीने थांबावे आणि दुसरीने अटारीची वाट धरावी, हे कोणत्या प्रकारचा कागद हाती आहे यावर ठरावे, ही १९४८ च्या परवान्याचीच पुनरावृत्ती होय.

६. समारोप

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, विवाहाने स्त्रीचे राज्य ठरते हा नियम जुना, परंतु स्थिर नव्हे. शेजारची राज्ये मित्र असताना तो सवलत असतो, शत्रू होताच तो शिक्षा बनतो. दुसरी, या इतिहासात सर्वांत निर्णायक ठरला तो पहिला अर्ज. भेटीचा परवाना की परतीचा, मुदतवाढ की नोंदणी, पत्नी म्हणून की पूर्वीची नागरिक म्हणून, याचे उत्तर घाईच्या आणि दुःखाच्या घडीला द्यावे लागे, आणि त्याचा अर्थ न्यायालये अनेक वर्षांनी लावीत. तिसरी, कायदा ज्याला ‘हेतू’ म्हणतो तो अशा स्त्रीच्या बाबतीत बहुधा एकच होता : नवरा, मुले आणि आईबाप यांच्यापैकी कोणालाही अंतरू नये. हा हेतू लिहिण्यास कोणत्याही नमुन्यात रकाना नव्हता.

या विषयाची साधने दिल्लीच्या अभिलेखागारातच शोधावयास हवीत असे नाही. काझींच्या दप्तरांतील निकाहाच्या नोंदी, जिल्हाधिकारी कचेरीतील नागरिकत्व-नोंदणीचे कागद, निष्क्रांत मालमत्तेची प्रकरणे आणि पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील घराण्यांची वंशवृत्ते ही सर्व साधने परस्परांशी ताडून पाहण्यासारखी आहेत. उर्दू मोडी आणि मराठी या तिन्हींचा परिचय असलेल्या विद्यार्थ्याला मराठवाड्यात येथे मोठे क्षेत्र आहे. त्याने आरंभ मात्र राज्यकर्त्यांच्या यादीपासून न करता एखाद्या सुनेच्या नावापासून करावा. ती कोठून आली, कोणत्या कागदावर आली, आणि परत जावेसे वाटले तेव्हा तिला जाता आले काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर सरहद्द म्हणजे काय हे तहनाम्यांपेक्षा अधिक स्पष्टपणे कळेल.